वाऱ्यापावसात टिकणारी घडीची छत्री कशी निवडावी

घडीची छत्री पावसाने सहसा जात नाही, वाऱ्याने जाते. जातानाही सगळी एकदम मोडत नाही. एखादी काडी सांध्यापाशी वाकते किंवा एखाद्या टोकाचा टाका सुटतो, तेवढ्या भागातलं कापड सैल पडतं आणि पुढच्या सोसाट्यात वारा नेमका तिथेच घुसतो. म्हणून छत्री निवडताना वाऱ्याचा जोर कुठून कुठे जातो ते आधी समजून घ्यावं. तो कापडावर पडतो, कापडावरून काडीच्या टोकाला, टोकावरून काडीच्या सांध्यांना, तिथून आधाराच्या काड्यांमधून दांड्यावरच्या सरकत्या कडीला, मग दांड्याला आणि शेवटी तुमच्या मनगटाला पोचतो. या वाटेवर जो दुवा कच्चा असेल तिथे छत्री मोडते. खालची सगळी तपासणी ही वाट धरून केलेली आहे.

वारा किती जोर लावतो

उघडल्यावर 95 सेंटीमीटर व्यास भरणाऱ्या छत्रीचं क्षेत्रफळ साधारण 0.7 चौरस मीटर होतं. ताशी 20 किलोमीटरचा वारा तिच्यावर समोरून आला तर जेमतेम दीड किलो वजनाइतका जोर पडतो. ताशी 40 ला तो सहा किलोच्या वर जातो आणि ताशी 60 ला चौदा किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे आत्तापर्यंत नीट चाललेली छत्री एका झोतात उलटते यात नवल नाही.

वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट श्रेणीत छत्रीचा उल्लेखच आहे. 6 क्रमांकाच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर वेगात, मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं अवघड जातं, असं तिथलं वर्णन आहे. 7 क्रमांकाला, म्हणजे ताशी 50 ते 61 किलोमीटरला, अख्खी झाडं हलू लागतात आणि वाऱ्यासमोर चालणं जड जातं.

घडीच्या छत्रीकडून अपेक्षा यावरूनच ठरवावी. फांद्या हलू लागेपर्यंत तिने आकार धरून ठेवला पाहिजे. त्यापुढे ती उलटली तरी चालेल, पण काहीही न मोडता पुन्हा सरळ झाली पाहिजे. आणि अख्खं झाड डोलत असेल तेव्हा कितीही भारी छत्री असली तरी ती मिटून रेनकोट घालावा.

पायरी 1 : घड्या किती आणि माप केवढं

दोन घडीची छत्री मिटल्यावर साधारण 38 ते 42 सेंटीमीटर भरते, तीन घडीची 27 ते 30 आणि खिशात मावणारी पाच घडीची 17 ते 20. प्रत्येक घडी म्हणजे प्रत्येक काडीत आणखी एक सांधा आणि दांड्यात आणखी एक जोड. वाऱ्यासाठी पाच घडीची घेऊ नका. ती अचानक आलेल्या रिमझिमीपुरती ठीक असते. बॅगेत जागा असेल तर दोन घडीची सर्वांत भक्कम, पण रोज सोबत बाळगायला बहुतेकांना तीन घडीची सोयीची पडते. ती नीट बांधलेली असेल तर पुरते.

वजनाचा अंदाज असा: तीन घडीची छत्री 200 ग्रॅमच्या आत असेल तर कुठेतरी धातू पातळ केलेला आहे. 320 ते 450 ग्रॅम हा वाऱ्यासाठी भरवशाचा टप्पा. त्याहून जड छत्री चांगलीच असते, पण लोक ती घरी ठेवून बाहेर पडतात.

पसरटपणा वाचताना एक फसगत सांभाळा. लेबलवर कधी व्यास दिलेला असतो, म्हणजे एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर, तर कधी कापडाच्या फुगवट्यावरून मोजलेली लांबी. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो. काडी 55 सेंटीमीटरची असेल तर फुगवट्यावरून माप 110 भरतं, पण डोक्यावर खरी सावली पडते ती 95 ते 98 सेंटीमीटरचीच. एका माणसाला आणि पाठीवरच्या बॅगेला एवढी पुरे. 105 च्या पुढे गेलात तर भिजणं थोडं कमी होतं आणि वाऱ्याची ओढ बरीच वाढते.

पायरी 2 : काड्या आणि त्यांचे सांधे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. छत्री उघडून उलटी धरा आणि आतून बघा. प्रत्येक लांब काडीला मध्यावर कुठेतरी एक आधाराची काडी येऊन मिळते. तिचं दुसरं टोक दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या कडीला जोडलेलं असतं. वारा खालून कापड उचलतो तेव्हा लांब काडी याच जागी सर्वाधिक वाकते, म्हणून बहुतेक छत्र्या इथेच मोडतात. तिथला रिव्हेट, म्हणजे सांधा जोडणारी धातूची खिळी, जाड हवा, त्याच्याभोवतीचा पत्रा दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, आणि भोकाच्या कडेला चीर किंवा चपटेपणा नको. अंगठा आणि बोटात धरून सांधा बाजूला हलवून बघा. घडी पडते त्या दिशेला तो सहज फिरला पाहिजे, आडवा मात्र जवळजवळ हलता कामा नये. आडवा खुळखुळत असेल तर महिन्याभरात भोक मोठं होतं आणि रिव्हेट निसटतो.

आता काडी कशाची आहे ते बघा. स्टील ताठ असतं पण गंजतं आणि मर्यादेपलीकडे वाकलं की वाकडंच राहतं. ॲल्युमिनियम हलकं आणि गंजमुक्त, पण ते स्टीलहून लवकर वाकतं आणि सरळ केलं की त्याच जागी तुटतं. फायबरग्लास भरपूर वाकतो आणि जोर ओसरला की मूळच्या आकारात येतो. मग सगळीच छत्री फायबरग्लासची का नाही? कारण घडीचे सांधे आणि दांड्याजवळचा भाग यांना ताठपणा लागतो, शिवाय फायबरग्लासला भोक पाडून रिव्हेट ठोकला की तो तिथून उभा चिरतो. म्हणून चांगल्या बांधणीत दांड्याजवळचे तुकडे धातूचे असतात आणि बाहेरचा, वाऱ्यात सर्वाधिक वाकणारा तुकडा फायबरग्लासचा. काही छत्र्यांत मधला तुकडाही फायबरग्लासचा असतो, ते आणखी बरं. शंका असेल तर लहानसा लोहचुंबक लावून बघा. तो साध्या स्टीलला चिकटतो, ॲल्युमिनियमला आणि फायबरग्लासला नाही.

धातूच्या तुकड्याचा आकारही बघण्यासारखा असतो. चांगली काडी खालून पन्हळीसारखी दिसते: पत्रा दोन्ही कडांनी वळवलेला, मध्ये पोकळी. सॅम्युअल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने 1852 साली अशी पन्हळी स्टीलची काडी आणली आणि छत्री एकाच वेळी हलकी आणि मजबूत झाली. तेवढ्याच धातूची सपाट पट्टी केली तर ती सहज वाकते, पन्हळ केली तर नाही. आजही स्वस्त आणि चांगल्या छत्रीतला फरक या कडा किती खोल वळवल्या आहेत त्यात दिसतो.

काड्यांच्या संख्येवर भाळू नका. 95 सेंटीमीटर व्यासाच्या छत्रीत 6 काड्या असतील तर शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर 47 सेंटीमीटर होतं. एवढा मोकळा काठ वाऱ्यात फडफडतो आणि फुगतो. 8 काड्यांना तेच अंतर 36 वर येतं आणि 10 काड्यांना 29 वर. म्हणजे 6 वरून 8 वर जाण्यात मोठा फायदा आहे, पुढे तो कमी होत जातो. वजन तेवढंच ठेवून काड्या वाढवल्या तर प्रत्येक काडी बारीक होते आणि सांधे वाढतात. जाड, नीट रिव्हेट केलेल्या 8 काड्या या बारीक 12 काड्यांपेक्षा केव्हाही बऱ्या.

पायरी 3 : दांडा आणि खटका

तीन घडीच्या छत्रीचा दांडा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. पूर्ण उघडून मूठ एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने वरचं टोक हलकेच डावीकडे-उजवीकडे ढकला. थोडी लवचिकता असणारच. पण जोडापाशी टकटक आवाज आला किंवा वरची नळी तिरकी झालेली डोळ्यांना दिसली तर ती छत्री ठेवून द्या. षटकोनी किंवा अष्टकोनी नळ्या एकमेकींत फिरत नाहीत. गोल नळ्यांना खाच नसेल तर वाऱ्यात कापड एकीकडे फिरतं आणि मूठ दुसरीकडे.

खटक्याचे तीन प्रकार मिळतात: हाताने उघडायची-मिटायची, खटक्याने उघडणारी, आणि खटक्याने उघडणारी-मिटणारी. हाताची सर्वांत हलकी आणि तिच्यात बिघडण्यासारखं सर्वांत कमी. तिसऱ्या प्रकाराची सोय मोठी आहे: दुसऱ्या हातात सामान असताना दारात उभं राहून एका बोटाने कापड मिटतं. पण दांडा मात्र हातानेच आत दाबावा लागतो, तोही स्प्रिंगच्या विरुद्ध, कट्ट आवाज येईपर्यंत. अर्ध्यात हात सुटला तर साध्या बांधणीत दांडा जोरात बाहेर उसळतो आणि तोंडाला लागू शकतो. काही छत्र्यांत दांडा अर्ध्यात सोडला तरी जिथल्या तिथे थांबतो. असा प्रकार मिळाला तर तोच घ्या. लहान मुलांसाठी आणि हातात जोर कमी असलेल्यांसाठी हाताने उघडायचीच घ्यावी.

मूठ निदान चार बोटं बसतील एवढी लांब हवी. तीन घडीच्या बऱ्याच छत्र्यांत ती जेमतेम पाच सेंटीमीटर असते आणि वाऱ्यात करंगळी खाली लोंबकळते. मुठीवर रबरी थर असेल तर ओल्या हातातून ती फिरत नाही. मनगटात अडकवायची दोरी मुठीत आत अडकवलेली आहे की नुसती चिकटवलेली, हे एक हिसका देऊन बघा.

पायरी 4 : कापड आणि टाके

कापड बहुधा पॉलिएस्टरचं किंवा नायलॉनचं असतं. नायलॉन भिजल्यावर जास्त पाणी धरतं आणि थोडं सैलावतं. पॉलिएस्टर फारसं सैलावत नाही, त्यामुळे वाऱ्यासाठी ते बरं. लेबलवर 190टी, 210टी असं लिहिलेलं असतं, तो एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा मिळून आकडा. 190 चांगला, 210 आणखी घट्ट विणीचा. पाँजी नावाने विकलं जाणारं कापड म्हणजे घट्ट विणीचं मऊ पॉलिएस्टर.

उघडल्यावर कापड ताणलेलं हवं. प्रत्येक कळीच्या, म्हणजे दोन काड्यांमधल्या कापडाच्या तुकड्याच्या, मध्यावर टिचकी मारा. सगळ्या कळ्यांचा आवाज आणि ताण साधारण सारखा असला पाहिजे. एखादीच सैल असेल तर कापताना किंवा शिवताना चूक झालेली आहे.

आता टोकं. काडीच्या प्रत्येक टोकाला लहानशी टोपी असते आणि कापड तिच्याशी दोऱ्याने शिवलेलं असतं. आठही टोप्या बोटाने ओढून बघा, कारण वाऱ्याचा सगळा ताण कापडावरून काडीला देणारा हा टाका आहे. दोऱ्याचे तीन-चार वेढे आणि पक्की गाठ दिसली पाहिजे. आतून बघताना कापड प्रत्येक काडीच्या सांध्यापाशीही दोऱ्याने बांधलेलं आहे का ते तपासा. एका काडीला असे निदान दोन बंध हवेत. नसतील तर वाऱ्यात कापड काडीपासून सुटून फुग्यासारखं वर येतं.

दुहेरी कापडाच्या छत्र्यांत वर एक झडप असते, तिच्यातून खालचा वारा निसटतो. मोठ्या लांब छत्रीत ही रचना चांगली चालते. तीन घडीच्या छत्रीत मात्र तिने मिटलेली छत्री जाड होते आणि ओली असताना नीट गुंडाळत नाही. झडप निवडायची असेल तर वरचं कापड खालच्यावर निदान आठ-दहा सेंटीमीटर आलेलं हवं, नाहीतर तिरपा पाऊस फटीतून आत येतो. झडप नसलेली पण चांगल्या काड्यांची छत्री ही झडप असलेल्या कच्च्या छत्रीपेक्षा जास्त टिकते.

पायरी 5 : विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

दुकानात पाच मिनिटं लागतात. विक्रेत्याला विचारून, मोकळ्या जागेत हे करा.

1. छत्री पाच वेळा उघडा आणि मिटा. प्रत्येक वेळी सगळ्या काड्या एकदम उघडल्या पाहिजेत. एखादी मागे राहत असेल तर तिची घडी उघडणारी बारीक तार वाकलेली असू शकते.

2. उघडी छत्री वरखाली हलवा. कापडाचा फडफडाट चालेल, धातूचा खडखडाट नको.

3. एका काडीचं टोक धरून हळूच पाच सेंटीमीटर वर उचला आणि सोडा. ते लगेच मूळ जागी आलं पाहिजे. हेच शेजारच्या आणि समोरच्या काडीला करा.

4. उजेडाकडे धरून कापड बघा. शिवणीजवळ सुईची मोठी भोकं दिसली तर तिथून पाणी झिरपणार.

5. कापडावर पाण्याचे दोन थेंब टाका. ते गोल राहून घरंगळले पाहिजेत.

6. विक्रेत्याची हरकत नसेल तर छत्री मुद्दाम उलटी करून पुन्हा सरळ करून दाखवायला सांगा. वाऱ्यासाठीची म्हणून विकली जाणारी छत्री एवढं सहन करते. मग पुन्हा सांधे बघा.

ऑनलाइन घेताना हात लावता येत नाही, म्हणून काडीची लांबी, वजन, मिटल्यावरची लांबी आणि काडीचा कुठला तुकडा कशाचा आहे, हे चार तपशील नसतील तर ती वस्तू सोडून द्या. आतून काढलेला, सांधे दिसतील असा फोटो हवाच. ‘विंडप्रूफ’ हा शब्द कुणीही छापतो. वेगाचा आकडा दिला असेल तर त्या वेगात छत्री उलटली नाही की उलटून पुन्हा सरळ झाली, हे वाचा. वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांपैकी एक पावसाळा काढलेल्यांचेच कामाचे.

पायरी 6 : वाऱ्यात धरायची कशी

चांगली छत्रीसुद्धा चुकीची धरली तर उलटते. वारा नेहमी फुगीर बाजूवर घ्या. फुगवट्यावरून तो घसरून जातो, पोकळीत शिरला की अडकतो आणि कापड उचलतो. समोरून वारा असेल तर छत्री पुढे आणि खाली झुकवा, डोकं जवळजवळ कापडाला लागेपर्यंत. मागून असेल तर खांद्यावर मागे टाका. सोसाटा आला की दुसरा हात दांड्यावर वर, सरकत्या कडीच्या जवळ धरा. मूठ कापडापासून 55 सेंटीमीटरवर असेल आणि तुम्ही साधारण मध्यावर पकडलंत तर मनगटावरचा आणि नळ्यांच्या जोडांवरचा पीळ निम्मा होतो.

उंच इमारतींचे कोपरे, पुलाची सुरुवात, दोन भिंतींमधली अरुंद गल्ली या जागांवर वाऱ्याची दिशा एका पावलात बदलते. तिथे पोचण्याआधीच छत्री खाली घ्या किंवा मिटा.

उलटलीच तर कापड किंवा टोकं धरून ओढू नका, जमिनीवर टेकवून दाबू नका. आडोशाला जा आणि मिटायचा खटका दाबा, किंवा हाताची असेल तर सरकती कडी सावकाश खाली ओढा. बहुतेक छत्र्यांच्या काड्या त्याच हालचालीत आपोआप सरळ होतात. एखादी अडकली तर तिचा सांधा दोन बोटांत धरून फिरवा. मग उघडून आठही काड्यांवर नजर टाका, कारण वाकलेली एक काडी शेजारच्या दोघींवर ताण टाकते.

दुचाकीवर मागे बसून छत्री उघडू नका. वाऱ्याने ती गाडीलाच ओढते. आणि विजा चमकत असतील तर मोकळ्या मैदानात छत्री धरून चालू नका, पक्क्या इमारतीत शिरा.

वाळवणं आणि दुरुस्ती

बाहेरून आल्यावर पाणी झटकून छत्री अर्धवट उघडी, सावलीत ठेवा. पूर्ण ताणून वाळवली तर ओलं कापड शिवणीवर ओढ देतं. मिटून खोळीत कोंबली तर कापडाला बुरशी धरते आणि रिव्हेट आतून गंजतात. खोळ वेगळी वाळवा. समुद्राजवळ वापरत असाल तर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, मिठाने सांधे लवकर जातात. मळलं असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या स्पंजने पुसा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबून कापडावर पसरू लागले तर कोरड्या छत्रीवर केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर, हातभर अंतरावरून फिरवून बघा. पॉलिएस्टरवरचा जलरोधक थर पुष्कळदा त्याने पुन्हा जागा होतो. सांध्यांना पावसाळ्याच्या सुरुवातीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि जास्तीचं लगेच पुसा, नाहीतर कापडाला डाग पडतात.

टोकाचा टाका सुटला तर त्याच दिवशी जाड पॉलिएस्टर दोऱ्याने शिवा, चार वेढे आणि दोन गाठी. सुती दोरा पाण्याने कुजतो. रिव्हेट निसटला तर त्याच जाडीच्या गंज न धरणाऱ्या तारेने सांधा बांधता येतो, टोकं मात्र आतल्या बाजूला वळवा म्हणजे कापड फाटत नाही. वाकलेली स्टीलची काडी पक्कडीने एकदा सरळ करता येते. दुसऱ्यांदा त्याच जागी वाकली तर ती बदलून घ्या. चिरलेल्या फायबरग्लासला हात लावताना जपा, त्याचे तंतू बोटात रुततात आणि दिसतही नाहीत. ती काडी जोडून चालत नाही, पूर्ण बदलावी लागते.